सक्तीच्या रजेतले तेरा दिवस : एक प्रकरण अभ्यास

रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये, आणि पुढे ९ जुलै २०२१ च्या सुधारित परिपत्रकाद्वारे, बँकांना असे बंधन घातले आहे की जोखमीच्या जागांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजाच्या दिवसांची रजा द्यावी, आणि ती आगाऊ कल्पना न देता द्यावी. या काळात कर्मचाऱ्याला आपल्या कामाशी संबंधित कागदपत्रांपर्यंत किंवा संगणकीय यंत्रणेपर्यंत पोचता येऊ नये, असाही दंडक आहे. सर्वांसाठी खुला असलेला अंतर्गत ईमेल तेवढा त्याला अपवाद आहे. नियमाचा हेतू उघड आहे. गैरव्यवहार झाकून ठेवणाऱ्याला रोज जागेवर हजर राहावे लागते, आणि तो काही दिवस दूर गेला की झाकलेले वर येते. कर्मचाऱ्याला विश्रांती मिळावी हा या रजेचा मूळ हेतू नाही. मिळाली तर तो वरचा लाभ. मात्र ही रजा ज्याच्या वाट्याला येते त्याच्याकडून घरच्यांची अपेक्षा तीच असते, आणि त्याची स्वतःचीही असते. ती अपेक्षा का पुरी होत नाही, हे माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बँक अधिकाऱ्याच्या प्रकरणात बरेच स्पष्टपणे दिसले, म्हणून ते संबंधित व्यक्तीच्या संमतीने येथे सविस्तर मांडत आहे. व्यक्ती, बँक आणि गाव ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. रजेचा काळ मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण त्याचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

श्री. क. हे ४९ वर्षांचे, पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी बँकेत अधिकारी. नोकरीला पंचवीस वर्षे झालेली, आणि त्यांतली शेवटची चार करन्सी चेस्टमध्ये जॉइंट कस्टोडियन म्हणून. घरी पत्नी, बारावीतली मुलगी आणि ७६ वर्षांची आई. पत्नी दुपारच्या वेळी घरीच ब्लाउज शिवून देतात आणि त्यांची गिऱ्हाइके ठरलेली आहेत.

चेस्टच्या कामाची कल्पना नसेल तर पुढचे नीट समजणार नाही. करन्सी चेस्टमध्ये ठेवलेला नोटांचा साठा रिझर्व्ह बँकेचा असतो आणि बँक तो तिच्या वतीने सांभाळते. व्हॉल्ट उघडायला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात, त्यामुळे एकट्याला आत जाता येत नाही. सकाळी दोघांनी मिळून व्हॉल्ट उघडायचा, शाखांना रोकड द्यायची, त्यांच्याकडून आलेली मोजून घ्यायची, नोटा सॉर्टिंग मशीनमधून काढून चालणाऱ्या आणि मळक्या वेगळ्या करायच्या, शंभर नोटांचे एक पॅकेट आणि दहा पॅकेटांचे एक बंडल अशा हिशेबाने त्या लावायच्या. संध्याकाळी शिल्लक जुळली, दिवसाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेला कळवला आणि दोघांनी दार बंद केले की दिवस संपला. टॅली लागत नाही तोवर कोणी घरी जात नाही, आणि लागली की थांबायचे कारण उरत नाही. श्री. क. यांना हे काम आवडते. ‘मॅडम, आमच्याकडे उद्यावर काही ढकलताच येत नाही,’ असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि ते तक्रारीच्या सुरात नव्हते.

त्यांच्या रजेच्या खात्याचाही उल्लेख करायला हवा. बँक कर्मचाऱ्यांना हक्काची रजा साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी त्या काळात तिच्यातल्या जास्तीत जास्त २४० दिवसांचे पैसे मिळत असत. त्यांची शिल्लक या मर्यादेला टेकलेली होती. लग्नकार्य, आजारपण आणि गावच्या जत्रेचा एखादा दिवस सोडला तर पंचवीस वर्षांत सलग दहा दिवस घरी राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नव्हता. असे कर्मचारी मला पुष्कळ भेटतात. शिल्लक रजेकडे ठेवीसारखे पाहण्याची सवय एकदा लागली की रजा घेणे म्हणजे मुदतीआधी ठेव मोडण्यासारखे वाटू लागते, आणि मग रजेत कसे राहायचे याचा सरावच होत नाही.

रजेचा काळ

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार. सकाळी चेस्ट उघडल्यावर शाखाप्रमुखांनी त्यांच्या हातात पत्र दिले. दिवसभर साठ्याची मोजदाद झाली, चार्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, किल्ली गेली, आणि रात्री ते रिकाम्या खिशाने घरी आले. मंगळवारपासून १० कामकाजाचे दिवस आणि त्यांना लागून आलेले रविवार व चौथा शनिवार धरून एकंदर तेरा दिवस झाले. पितृपंधरवडा चालू होता. या पंधरवड्यात लग्न-मुंजी नसतात, नवी खरेदी टाळली जाते, सहलीला कोणी निघत नाही. मुलीचे कॉलेज आणि क्लास चालू, नातेवाईक आपापल्या कामात. त्या दिवसांना कसलेच निमित्त नव्हते.

पहिल्या दोन दिवशी ते नेहमीप्रमाणे पहाटे सव्वापाचला उठले, साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहकाऱ्याला फोन करून मशीनच्या दुरुस्तीच्या फाइलबद्दल विचारले. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही विचारू नका आणि मी सांगू नये असं आहे.’ उत्तर नियमाला धरून होते आणि नम्र होते, पण ते त्यांना लागले. त्याच दुपारी डोके जड झाले, अंग मोडून आल्यासारखे वाटू लागले, आणि आपण आजारी पडत आहोत अशी त्यांची खात्री झाली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे टिकले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत वेळापत्रक आखले. ती वही त्यांनी मला आणून दाखवली. पट्टीने ओढलेले रकाने, डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे टिकमार्कसाठी जागा. साडेपाचला फिरणे, साडेसहाला योगासने, साडेसातला वाचन, नऊला घरातील जुनी कागदपत्रे लावणे, अकराला इंग्रजी सुधारणे, आणि असेच रात्री दहापर्यंत. शुक्रवारच्या पानावर दोन टिका आहेत. शनिवारच्या पानाच्या डोक्यावर त्यांनी ‘कालची बाकी’ असे लिहून शुक्रवारची राहिलेली कामे पुढे ओढली आहेत, आणि रविवारच्या पानावर शुक्रवार व शनिवार या दोन्ही दिवसांची बाकी आहे. त्यानंतर वही कोरी आहे.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली. कागदपत्रे लावायचा कंटाळा आला म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि मांडणीवरचे डबे त्यांनी आकारमानाप्रमाणे लावले. पत्नी शिलाईच्या गिऱ्हाइकाचे माप घेऊन आत आल्या तर डाळीचा डबा सापडेना. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही घरी आहात, घराचा चार्ज नाही घेतलेला.’ हे वाक्य श्री. क. यांनी मला दोनदा सांगितले. पत्नीशी मी स्वतंत्रपणे बोलले तेव्हा त्यांनी त्याच आठवड्याची दुसरी बाजू सांगितली. दुपारी दोन ते पाच ही त्यांची शिवणाची वेळ. मशीन बाहेरच्या खोलीत. नवरा तिथेच बसून असल्यामुळे बायका दारातूनच कापड देऊन परत जात होत्या. ‘आमचं सगळं वेळेवर चालू होतं. त्यांना त्यात कुठे बसवायचं ते मला कळेना,’ असे त्या म्हणाल्या. या प्रकरणातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले निरीक्षण त्यांचे आहे.

बाहेर जाणेही त्यांनी हळूहळू बंद केले. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या गृहस्थांनी विचारले, ‘काय साहेब, आज घरी? सगळं ठीक ना?’ प्रश्न सहज असेल, पण बँकेच्या तिजोरीवरचा माणूस अचानक घरी बसला की गावात काय बोलले जाऊ शकते हे श्री. क. यांना माहीत होते. तब्येत बरी नाही, असे त्यांनी सांगून टाकले. मग आजारी माणूस संध्याकाळी बाजारात कसा दिसणार, म्हणून फिरणे सुटले. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची आणि आपण एखादे बंडल चुकीच्या रॅकवर लावले होते का, कुठे सही राहिली का, याची मनातल्या मनात पुन्हा पुन्हा उजळणी व्हायची.

आठवा दिवस वेगळा गेला. मंगळवार, २० सप्टेंबर, दशमी. त्यांच्या वडिलांची तिथी. एरवी ते अर्ध्या दिवसाची सवलत मागून घाईत येत आणि जेवून परत जात. या वेळी सकाळी सहाला बाजारात जाऊन त्यांनी अळूची पाने, गवार, लाल भोपळा आणि केळीची पाने आणली. आईने दोनदा परत पाठवले, कारण पाने फाटकी निघाली. गुरुजी साडेअकराला येणार होते, त्याच्या आत सोवळ्याची तयारी, दर्भ, तीळ, सगळे जागेवर हवे होते. विधी झाले, कावळ्यासाठी पान गच्चीवर ठेवले गेले, बाहेरून बोलावलेली माणसे जेवली, मग घरची जेवली. चारच्या सुमारास त्यांनी ओटा धुवून घेतला आणि आईच्या खोलीत आडवे झाले ते साडेसहाला उठले. त्या रात्री तीन वाजता जाग आली नाही. त्या दिवशी त्यांनी एरवीपेक्षा अधिक काम केले होते, आणि पूर्ण रजेत विश्रांती मिळाल्यासारखे वाटले ते त्याच दिवशी.

पुढचे पाच दिवस पुन्हा पहिल्यासारखेच गेले. सोमवारी, घटस्थापनेच्या दिवशी, ते कामावर रुजू झाले. हिशेबात काहीही वावगे निघाले नव्हते.

भेटीचे कारण आणि तपासणी

ते माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये आले. रजा संपली होती, तरी ‘अकरा वर्षांनी निवृत्त झालो की हेच रोज’ ही धास्ती मनातून जात नव्हती आणि शनिवार जवळ आला की पोटात गोळा येऊ लागला होता. प्रथम नैराश्य आणि चिंताविकार यांची शक्यता तपासली. भूक चांगली होती, कामातला रस शाबूत होता, निराशेचे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार नव्हते, आणि कामाच्या दिवसांत झोप लागत होती. रक्तदाबाची गोळी चालू होती, ती डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घेतली. औषधोपचाराची गरज वाटली नाही. हे आवर्जून नोंदवते, कारण रजेत मन लागत नाही या तक्रारीमागे कधी कधी खरोखरीचा आजार असतो आणि तिथे केवळ दिनचर्येच्या सूचना देऊन भागत नाही.

डोकेदुखीचा उलगडा त्यामानाने लवकर झाला. चेस्टमध्ये दिवसाला सहा-सात कप चहा होत असे, घरी सकाळ-संध्याकाळ मिळून दोन. कॅफिन एकदम कमी केले की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. त्यांच्या तक्रारीचा काळ याच्याशी बराचसा जुळतो. रजेच्या पहिल्या दिवसांतली अस्वस्थता पूर्णपणे मनाची मानली जाते, तेव्हा तिच्यातला हा शारीरिक भाग नजरेआड होतो.

रात्रीच्या उजळणीचे कारण रजेच्या स्वरूपात होते. मनाने कामापासून दूर जाता येणे हा विश्रांतीचा एक मुख्य घटक आहे. झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये विश्रांतीच्या अनुभवाचे जे चार घटक मांडले त्यांत तो आहे, आणि त्याच्या जोडीला शिथिल होणे, काही नवे जमू लागणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे हे आहेत. ज्या रजेत आपली तपासणी चालू आहे हे माहीत असते तिच्यात मन दूर जाणार कसे? आणि पत्र हातात आल्यावर दुसऱ्याच दिवशी जी सुरू होते तिच्यात वेळेवर ताबा कसा असणार? श्री. क. यांनी परिपत्रक वाचलेले होते, दरवर्षी प्रत्येकाला अशी रजा लागते हेही माहीत होते, तरी आत कुठेतरी आपल्यावर संशय आहे ही भावना बोचत होती. प्रामाणिक माणसाला ती अधिक बोचते. माझे स्पष्ट मत आहे की पत्र देताना वरिष्ठाने दोन मिनिटे खर्च करून हे वार्षिक आहे, सर्वांना आहे, आणि परत आल्यावर ही जागा तुमचीच आहे, एवढे तोंडाने सांगितले पाहिजे. नियमाने अचानकपणा मागितला आहे, अबोला मागितलेला नाही.

पण सर्वांत जास्त वेळ आम्ही दिला तो वहीला. ते वेळापत्रक का मोडले? त्यांचे उत्तर होते, ‘मी आळशी झालो.’ मला तसे दिसले नाही. त्या वेळापत्रकात ऑफिसची शिस्त होती, पण ऑफिसात ती शिस्त ज्यांच्यामुळे टिकते ते काहीच नव्हते. दुसरी किल्ली असलेला माणूस नव्हता, वाट पाहणारी शाखा नव्हती, आणि ज्यानंतर दार बंद करता येईल असा क्षण नव्हता. इंग्रजी सुधारणे कधी टॅली होत नाही. म्हणून दर दिवसाची बाकी पुढच्या दिवसावर चढत गेली, आणि जो माणूस उद्यावर काही ढकलत नाही म्हणून चांगली झोप घेत होता तो तीन दिवसांत कर्जबाजारी झाल्यासारखा वागू लागला. दशमीच्या दिवशी मात्र हे सगळे होते. काम ठरलेले, वेळ ठरलेली, वाट पाहणारी माणसे, आणि जेवणे उरकली की दिवस पूर्ण झाल्याची निःसंशय खूण.

दीर्घ सुट्टीत प्रसन्नता आठव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक असते असे नेदरलँड्समधील एका अभ्यासात आढळले आहे, आणि श्री. क. यांचा बरा दिवसही आठवाच होता. पण नवव्या दिवशी ते पुन्हा जसेच्या तसे झाले, त्यामुळे येथे श्रेय दशमीला जाते असे मी मानते. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारांचा जो अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला, तो या प्रकरणाला अधिक जवळचा आहे. वेळ हवा तितका असूनही तेथील पुरुषांचे दिवस आकारहीन झाले होते, ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण उलट घटले होते, आणि स्त्रियांचे दिवस मात्र घरकामामुळे आखीव राहिले होते. पगारी रजेची बेकारीशी तुलना एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. तिथे पोटाचा प्रश्न होता. तरी श्री. क. यांच्या घरात तेच दृश्य होते. दिनचर्या घरात होती, भक्कम होती, ती चालवणारी बाई शेजारच्या खोलीत होती, आणि हे गृहस्थ तिच्याबाहेर बसून पट्टीने स्वतंत्र रकाने आखत होते.

उपाययोजना

त्यामुळे नवे वेळापत्रक करायचे नाही, असे ठरवले. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी आणि त्यांच्या रविवारी सराव करायचा, आणि तो पत्नीशी बोलून ठरवायचा. त्या दोघांनी मिळून दोनच गोष्टी पक्क्या केल्या. सकाळी आठच्या आत भाजी आणणे हे काम पूर्णपणे त्यांचे. काय आणायचे हेही तेच ठरवतील आणि चुकले तर त्या दिवशी तेच खाल्ले जाईल. आणि संध्याकाळी साडेसहाला मुलीला क्लासहून आणणे, जे तोवर पत्नी शिवण अर्धवट टाकून करत असत. मधल्या वेळेवर कुठलेही बंधन ठेवले नाही, फक्त दुपारी दोन ते पाच बाहेरची खोली शिवणाची. मुलीला आणल्यावर त्या दिवसात काही करून दाखवायचे उरलेले नाही, असे समजायचे. राहिलेले काम दुसऱ्या दिवसावर लिहायचे नाही.

ही शेवटची अट त्यांना सर्वांत जड गेली. पहिल्या महिन्यात ते रात्री जेवणानंतर कागदपत्रांचा गठ्ठा काढून बसत आणि पत्नी तो उचलून ठेवत. रात्रीच्या उजळणीसाठी वेगळी पद्धत वापरली. दुपारी चारला पंधरा मिनिटे, गच्चीवर, कामाची जी काही काळजी असेल ती मुद्दाम करायची, कागदावर लिहायची, आणि रात्री ती आली तर उद्या चारला, असे म्हणून बाजूला ठेवायची. चहाचे कप कामाच्या दिवशीच चारवर आणले. शेजाऱ्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. बँकेत आमच्या जागेवर दरवर्षी सक्तीची रजा असते, असे त्यांनी एका रविवारी त्या गृहस्थांना सरळ सांगितले, आणि ते म्हणाले, ‘बरं आहे की, आमच्याकडे मागूनही मिळत नाही.’

पाठपुरावा

पुढची सक्तीची रजा २०२३ च्या जूनमध्ये आली, तशीच अचानक. त्या वेळी मुलगी बारावी होऊन क्लासपासून मोकळी झाली होती, त्यामुळे संध्याकाळचे ठरलेले कामच उरले नव्हते, आणि पहिले तीन दिवस त्यामुळे विस्कटले. चौथ्या दिवसापासून त्यांनी आईला संध्याकाळी विठ्ठल मंदिरात नेऊन आणायला सुरुवात केली. आषाढी जवळ आल्याने तिथे रोज हरिपाठ होत असे आणि तो ठरल्या वेळी संपत असे. पहिल्या दोन रात्री तीनला जाग आली, नंतर आली नाही. इंग्रजी सुधारले नाही. जुन्या कागदपत्रांपैकी घराच्या नोंदणीचा गठ्ठा तेवढा लावून झाला. उरलेल्यांचे काय, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की ते माळ्यावर आहेत आणि सध्या तिथेच राहतील.

निवृत्तीची धास्ती पूर्णपणे गेलेली नाही. तेरा दिवसांसाठी जे पुरले ते पुढच्या वीस वर्षांना पुरेल असे मी त्यांना सांगितलेले नाही, आणि त्यांनीही तसे विचारलेले नाही. २४० दिवसांची शिल्लक थोडी कमी करून दरवर्षी आपणहून आठवडाभराची रजा घ्यावी, ती पत्नीच्या शिलाईच्या हंगामाबाहेरची असावी, असे दोघांनी ठरवले आहे. पहिल्या अशा रजेचा अर्ज त्यांनी डिसेंबरसाठी दिला आणि तो मंजूर झाला.